होस्टिंगवरचा डेटाबेस जुना का राहतो, आणि परवाना विकत घेतल्याने तो नवा होतो का?

प्रश्न सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीचा आहे. त्यांच्या वेबसाइटवर हळद आणि बेदाण्याचे रोजचे दर दिसतात आणि शेतकऱ्याला मोबाइल नंबर टाकून आपली पट्टी बघता येते. साइट शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांत वाटलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर आहे, डेटाबेस मायएसक्यूएल ५.६. नवी आवृत्ती मागितली की होस्टिंग कंपनी म्हणते, ‘या प्लॅनमध्ये मिळत नाही.’ दुसरा एक सॉफ्टवेअरवाला म्हणतो, फुकटच्या डेटाबेसचं असंच होतं, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर घ्या, पेढीतच मशीन बसवू, कटकट संपली. त्याने लाखांतला आकडा सांगितला आहे. ऐकायचं कोणाचं?

होस्टिंगवाला खोटं बोलत नाही, पण कारणही सांगत नाही. दुसऱ्याचं मात्र निदानच चुकलं आहे. तुमचा डेटाबेस फुकट आहे म्हणून जुना राहिलेला नाही. तो बदलायला जे माणसाचे तास लागतात ते कोणाच्याच बिलात धरलेले नाहीत, म्हणून तो जुना आहे. परवान्यावर लाखो रुपये घातले तरी ते तास त्यात येत नाहीत. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २००८ आणि २००८ आर-टू यांचा आधार (सपोर्ट) ९ जुलै २०१९ ला थांबवला, २०१२ चा १२ जुलै २०२२ ला, २०१४ चा ९ जुलै २०२४ ला. तरी या आवृत्त्या आजही कितीतरी कचेऱ्यांत मुकाट चालू आहेत. पैसे मोजून घेतलेल्या, आणि तरी जुन्या.

आधी तुमच्याकडे नक्की काय आहे ते बघा. सीपॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण पानावरून पीएचपीमायॲडमिन हे डेटाबेस बघायचं साधन उघडा, पहिल्या पानावर उजवीकडे सर्व्हरची आवृत्ती लिहिलेली असते. तिथे ५.६.५१ असेल तर ती ५.६ शाखेतली शेवटची दुरुस्ती आहे. मायएसक्यूएलची मालक असलेल्या ओरॅकलने फेब्रुवारी २०२१ मध्ये ही शाखा बंद केली. ५१ च्या खालचा आकडा असेल तर होस्टिंगवाल्याने फुकट मिळणाऱ्या दुरुस्त्याही घेतलेल्या नाहीत, आणि ही बाब जास्त गंभीर आहे. काही ठिकाणी ‘५.५.५-१०.६’ असं चमत्कारिक काहीतरी दिसतं आणि लोक घाबरतात. घाबरू नका. ती मारियाडीबी १०.६ असते, मायएसक्यूएलमधूनच फुटून निघालेला डेटाबेस. जुन्या क्लायंटांची गाडी अडू नये म्हणून मारियाडीबी आपल्या आकड्यापुढे कैक वर्षं ५.५.५ लावत आली.

आणखी एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. नुसत्या आकड्यावरून होस्टिंगवाल्याला दोषी धरता येत नाही. सेंटओएस ७ (रेड हॅटच्या लिनक्सचा मोफत अवतार) सोबत मारियाडीबी ५.५ येत असे. मूळ प्रकल्पाने ती २०२० मध्ये सोडली, पण रेड हॅट आपल्या लिनक्स ७ साठी सुरक्षेच्या दुरुस्त्या मागच्या आवृत्तीत उतरवून देत राहिली आणि त्या सेंटओएसलाही मिळत राहिल्या, ३० जून २०२४ पर्यंत. म्हणजे आकडा जुना, पण भोकं बुजवलेली. त्या तारखेनंतर जो सेंटओएस ७ वरच बसला आहे, तो एक तर दुसऱ्या कंपनीकडून पैसे देऊन दुरुस्त्या घेतो, नाहीतर काहीच घेत नाही. तेव्हा ‘तुमची आवृत्ती कोणती’ यापेक्षा ‘दुरुस्त्या तुम्हाला कोणाकडून येतात आणि शेवटची कधी लावली’ हे विचारा. उत्तर टोलवलं गेलं तर काय समजायचं ते समजा.

आता होस्टिंगवाला का हलत नाही ते. शेअर्ड होस्टिंगमध्ये एका मशीनवर शेकडो खाती असतात आणि त्या सगळ्यांना मिळून मायएसक्यूएल एकच. तुमच्यासाठी वर चढवायचं तर सगळ्यांना चढवावं लागतं. त्यांतल्या काही साइट दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी करून दिलेल्या असतात आणि करणारा आता पुण्याला नाहीतर दुबईला असतो. मायएसक्यूएल ५.७ पासून कडक मोड मुळातच चालू आहे. तारखेच्या रकान्यात ‘०००० सालच्या शून्याव्या महिन्याची शून्यावी तारीख’ भरणारा प्रोग्राम तिथे अडतो. ग्रुप बायचा (नोंदींचे गट पाडणाऱ्या आदेशाचा) ढिला प्रयोग ५.६ मुकाट चालवून घेत असे, ५.७ तो नाकारते. ८.० मध्ये ‘रँक’ आणि ‘ग्रुप्स’ हे राखीव शब्द झाले. त्या नावाचा रकाना किंवा टेबल असेल तर क्वेरी मोडते. लॉगिनची पद्धतही बदलली, त्यामुळे जुन्या पीएचपीला आत शिरता येत नाही. त्यात मायएसक्यूएल एकेक पायरीनेच चढतं, ५.६ वरून ५.७, मग ८.०, मग ८.४. आणि ८.० वरून जागच्या जागी मागे फिरता येत नाही. आधी काढलेला डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलमधली प्रत, परत भरणं एवढाच मार्ग उरतो. शंभर साइटांपैकी पाच बंद पडल्या तरी फोन त्या पाचांचेच येणार आणि उरलेले पंच्याण्णव कोणी आभार मानणार नाहीत. वर्षाला दोन-तीन हजार घेणारी कंपनी हे कशाला ओढवून घेईल?

शिवाय होस्टिंगवाल्याच्या खर्चात बंदिस्त सॉफ्टवेअर आहेच, फक्त ते डेटाबेसमध्ये नाही. २०१८ मध्ये सीपॅनेलची मालकी ओकली कॅपिटल या गुंतवणूकदाराकडे गेली आणि २०१९ च्या जूनमध्ये दर सर्व्हरवर न ठेवता खात्यांच्या संख्येवर आकारायचं ठरलं. ज्यांनी एका मशीनवर भरमसाट खाती कोंबली होती त्यांचं बिल एका फटक्यात वाढलं. डेटाबेस फुकट, लिनक्स फुकट, आणि नफा खाणारा भाग पॅनेलचा. मग काटछाट कुठे होते? माणसांच्या पगारात. आवृत्ती चढवणारी माणसं तीच असतात.

जुनं ठेवण्याची किंमत किती, हे उघड बिलात बघायचं तर ॲमेझॉनच्या आरडीएस या भाड्याच्या डेटाबेस सेवेकडे बघा. मायएसक्यूएल ५.७ चा नेहमीचा आधार त्यांनी २९ फेब्रुवारी २०२४ ला संपवला. १ मार्चपासून जो ५.७ वरच राहिला त्याला जादा आकार लागू झाला. अमेरिकेतल्या पूर्व विभागाचा पहिल्या दोन वर्षांचा दर प्रत्येक व्हीसीपीयूला (आभासी प्रोसेसरला) तासाला १० सेंट. दोन व्हीसीपीयूचं साधं मशीन धरा, महिन्याला साधारण १४६ डॉलर, म्हणजे बारा हजार रुपयांच्या वर. मशीनचं भाडं वेगळं. तिसऱ्या वर्षी दर दुप्पट. डेटाबेस तोच मोफत परवान्याचा. हे पैसे निव्वळ न हलण्याचे. तुमच्या शेअर्ड होस्टिंगवर हे बिल येत नाही, कारण तिथे धोका तुमच्या अंगावर ठेवलेला असतो.

धोका कितपत आहे तेही नीट तोलून सांगतो, कारण भीती घालून विकणारे बरेच आहेत. बहुतेक शेअर्ड होस्टिंगवर डेटाबेसचं दार बाहेरून बंद असतं. हल्लेखोर सहसा जुन्या पीएचपीतून, प्लगइनमधून किंवा इनपुट न तपासणाऱ्या फॉर्ममधून आत येतो. म्हणून पैसे थोडे असतील तर आधी पीएचपी आणि प्लगइन, मग डेटाबेस. पण शेजाऱ्याचं काय? २०१६ मध्ये उघड झालेली सीव्हीई-२०१६-६६६२ ही त्रुटी ५.५, ५.६ आणि ५.७ तिन्ही शाखांत होती. तिच्या आधारे डेटाबेसमध्ये पुरेसा अधिकार मिळवलेला माणूस सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहून अख्ख्या मशीनचा ताबा घेऊ शकत होता. एकाच मशीनवर शेकडो बिऱ्हाडं असताना शेजारचं कुलूप कसं आहे याच्याशी तुमचाही संबंध येतो. तुमच्या टेबलात शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर आणि बँक खाती आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात जबाबदारी तुमच्यावर येते, होस्टिंगवाल्यावर ढकलता येत नाही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. अडत पेढीला कोणी तेवढा ठोकणार नाही, पण कायद्यात नाव तुमचं आहे हे मालकांच्या कानावर घाला.

मराठी डेटा असलेल्या माणसाने ज्याकडे सगळ्यात आधी बघावं ती गोष्ट वेगळीच आहे. तुमच्या पत्रात जाता जाता एक तक्रार आहे: काही शेतकऱ्यांची नावं अर्धवट दिसतात आणि शेऱ्यात कोणी नमस्काराचा इमोजी टाकला की पुढचा मजकूर गायब होतो. याचं मूळ इथेच आहे.

मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ नावाची जी गोष्ट वर्षानुवर्षं वापरली गेली ती अपुरी आहे. एका अक्षरखुणेला जास्तीत जास्त तीन बाइट, बस. देवनागरीची प्रत्येक खूण नेमकी तीन बाइटची. म्हणून मराठी व्यवस्थित बसते आणि कोणाला शंका येत नाही. इमोजी चार बाइटचा. ढिल्या मोडमध्ये मायएसक्यूएल त्या खुणेपाशी मजकूर कापतं आणि एक इशारा सोडून देतं, जो कोणी वाचत नाही. मोडी लिपीसुद्धा चार बाइटची आहे. युनिकोडमध्ये ती २०१४ साली ७.० आवृत्तीत आली. सातारा-सांगलीकडे जुनी मोडी कागदपत्रं संगणकावर आणू पाहणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. उपाय आहे ‘यूटीएफ८एमबी४’, आणि तो ५.५.३ पासून उपलब्ध आहे, म्हणजे तुमच्या ५.६ वरही. अडचण एवढीच की मायएसक्यूएलचा साठवणीचा भाग जो इनोडीबी, त्याच्या जुन्या रूपात इंडेक्सला ७६७ बाइटची मर्यादा असते. २५५ खुणांचा रकाना तीनने गुणला तर ७६५, बसतो. चारने गुणला तर १०२०, बसत नाही. जुन्या वर्डप्रेसच्या टेबलांत दिसणारा १९१ हा विचित्र आकडा इथूनच आला. ५.७ पासून मर्यादा ३०७२ आहे, म्हणून नव्या आवृत्तीत ही कुचंबणा उरत नाही.

अर्धवट नावांचं कारण बहुधा आणखी जुनं असावं. ५.७ पर्यंत मायएसक्यूएलचा मूळ अक्षरसंच ‘लॅटिन१’ होता. टेबल त्यात बनलेलं आणि साइटचं कनेक्शनही त्यातच असेल, तर मराठीचे बाइट जसेच्या तसे आत जातात आणि जसेच्या तसे बाहेर येतात. पडद्यावर सगळं छान दिसतं. पण ५० लांबीच्या रकान्यात मग ५० बाइटच मावतात, म्हणजे देवनागरीच्या सोळा खुणा. ‘लक्ष्मीबाई’ या नावात दहा खुणा आहेत, कारण हलन्त आणि मात्रा वेगवेगळ्या मोजल्या जातात. पुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव आलं की सोळा कधीच संपतात. नाव मधेच तुटतं ते असं.

अशा टेबलाचा डंप कोणी नेहमीच्या पद्धतीने यूटीएफ८ मध्ये काढला आणि नव्या सर्व्हरवर चढवला की सगळी मराठी ‘à’ सारख्या चिन्हांच्या गिचमिडीत बदलते. मग ‘नवी आवृत्ती खराब’ म्हणून लोक परत मागे जातात. आवृत्तीचा काही दोष नाही. डंप लॅटिन१ सांगूनच काढायचा, त्या फाइलमधले अक्षरसंचाचे उल्लेख यूटीएफ८एमबी४ करायचे आणि मग भरायचा. किंवा जागेवरच प्रत्येक रकाना आधी ब्लॉब (नुसते बाइट साठवणाऱ्या) प्रकारात आणि तिथून यूटीएफ८एमबी४ मध्ये न्यायचा. मधलं ब्लॉबचं पाऊल गाळलं तर मायएसक्यूएल शहाणपणाने रूपांतर करायला जातं आणि दुहेरी घोळ होतो. आधी प्रतीवर करा. शंभर नावं डोळ्यांनी वाचा, त्यात जोडाक्षरांची मुद्दाम निवडा. जी नावं आधीच तुटलेली आहेत ती परत येणार नाहीत. ती जुन्या पट्ट्यांवरून पुन्हा टाइप करावी लागतील, आणि पेढीत हे काम मुनीमजींइतकं नेमकं कोणी करणार नाही.

आता एसक्यूएल सर्व्हरचा हिशोब. २०२२ च्या स्टँडर्ड आवृत्तीची मायक्रोसॉफ्टची छापील किंमत दोन कोअरच्या पॅकला ३,९४५ डॉलर आहे आणि कमीत कमी चार कोअर घ्यावेच लागतात. म्हणजे ७,८९० डॉलर, रुपयांत साडेसहा ते सात लाखांच्या घरात, कर आणि विंडोज सर्व्हर वेगळा. सर्व्हर आणि प्रत्येक वापरणाऱ्यामागे कॅल (माणशी परवाना) असा दुसरा स्वस्त मार्ग आहे, पण तुमच्याकडे शेकडो शेतकरी पट्टी बघतात, त्या हिशोबात तो बसत नाही. तुम्हाला सांगितलेला लाखांतला आकडा बहुधा असाच आला आहे.

पण मोफत एक्स्प्रेस आवृत्तीचं नाव त्यांनी काढलं का? २०२२ च्या एक्स्प्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, आणि पट्ट्या, सौदे, अडत, हमाली, तोलाई असा नुसता मजकूर आणि आकडे असतील तर एवढ्यात अडत पेढीची कित्येक वर्षं मावतात. तिच्यात ठरल्या वेळी कामं करणारा एजंट नाही, बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर लावावा लागतो, एवढंच. पैसे मोजायची गरज नसताना स्टँडर्ड गळ्यात मारणाऱ्याबद्दल माझं मत चांगलं होत नाही.

खरा खर्च स्थलांतराचा आहे. तुमची साइट पीएचपी आणि मायएसक्यूएलसाठी लिहिलेली आहे. ऑटो इन्क्रिमेंटच्या जागी आयडेंटिटी, लिमिटच्या जागी टॉप, अशा शेकडो ठिकाणी हात लावावा लागेल. वर्डप्रेसचा भाग असेल तर विषयच संपला. वर्डप्रेस एसक्यूएल सर्व्हरवर चालत नाही. आणि मराठीचा सापळा तिथेही आहे. रकाना साधा व्हारकॅर ठेवला, किंवा मजकुरापुढे ‘एन’ हे अक्षर लावायचं राहिलं, तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात. मायएसक्यूएलमधली गिचमिड पुष्कळदा सोडवता येते. प्रश्नचिन्हातून नाव परत काढता येत नाही.

ओरॅकल डेटाबेसची गोष्ट तुमच्या आकाराला लागूच नाही. छापील दराने स्टँडर्ड एडिशन टू एका प्रोसेसरला १७,५०० डॉलर आणि वर दरसाल २२ टक्के आधाराचे. पुढे चला.

पेढीतच मशीन बसवण्याबद्दल मात्र मी आडवा पडेन. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्या पुष्कळ वर गेलं आणि शहराच्या भर बाजारपेठेत शिरलं. मार्केट यार्डात पाणी आलं नाही तरी वीज, इंटरनेट आणि मशीनपर्यंत पोहोचणारा माणूस हे तिन्ही त्या दिवसांत यार्डात असतीलच असं नाही. पेढीत प्रत ठेवा, मूळ सर्व्हर नको.

‘मायएसक्यूएल तर ओरॅकलचं, उद्या बिल पाठवलं तर?’ अशीही धास्ती तुमच्या पत्रात आहे. सनने २००८ मध्ये मायएसक्यूएल सुमारे एक अब्ज डॉलरला घेतलं आणि २०१० च्या जानेवारीत सनच ओरॅकलकडे गेली. पण कम्युनिटी आवृत्ती जीपीएल परवान्याखाली आहे; जी आवृत्ती त्या परवान्याने बाहेर पडली तिचा हक्क मागे घेता येत नाही. मूळ लेखकांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्येच मारियाडीबी वेगळी काढली ती याच शंकेपोटी. तुमच्या वापरात दोन्हींत फारसा फरक पडणार नाही. एक सावधगिरी: मायएसक्यूएल ८ चा डंप मारियाडीबीच्या बऱ्याच आवृत्त्यांत ‘अनोळखी कोलेशन’ (अक्षरांच्या क्रमवारीचा नियम) म्हणून अडतो. एकदा निवडा आणि तिथेच रहा. अगदी नवं सॉफ्टवेअर लिहून घेणार असाल तर मी पोस्टग्रेस हा दुसरा मोफत डेटाबेस सुचवेन. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात हे आधीच जाहीर असतं, त्यामुळे खर्चाची तारीख अगोदर कळते. पण चालू साइट त्यासाठी मोडू नका.

मी तुमच्या जागी असतो तर होस्टिंगवाल्याला ईमेलवर चार गोष्टी विचारल्या असत्या. मशीनवर कोणती लिनक्स आहे, डेटाबेसच्या दुरुस्त्या कुठून येतात, नव्या आवृत्तीचं दुसरं मशीन तुमच्याकडे आहे का, आणि तिथे खातं हलवून देण्याचे किती घ्याल. बऱ्याच कंपन्यांकडे असं मशीन असतं, पण मागितल्याशिवाय देत नाहीत. नसेल तर महिना हजार-दोन हजारांचा छोटा व्हीपीएस (फक्त तुमच्यापुरता आभासी सर्व्हर) घ्या. मात्र त्यासोबत दुरुस्त्या लावणारा आणि बॅकअप परत भरून बघणारा माणूस ठरवा, वर्षाच्या कराराने, लेखी. विश्रामबागेत, मिरजेत असं काम करणारी मुलं आहेत. परवान्याला लागणाऱ्या सात लाखांच्या छोट्याशा हिश्श्यात त्यांची कैक वर्षं निघतील. माणूस न ठरवता व्हीपीएस घेतलात तर तीन वर्षांनी तोही जुनाच झालेला असेल, आणि तेव्हा दोष द्यायला होस्टिंगवालाही नसेल.

मायएसक्यूएलवर राहणार असाल तर थेट ८.४ गाठा, ८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच, तिथे थांबण्यात अर्थ नाही. मारियाडीबी असेल तर १०.११ किंवा ११.४, या दोन्ही लांब मुदतीच्या आहेत, अनुक्रमे २०२८ आणि २०२९ पर्यंत. डंप काढून रिकाम्या सर्व्हरवर भरणार असाल तर मधल्या पायऱ्या चढायची गरज नाही. मायएसक्यूएल शेलमध्ये अपग्रेडची तपासणी करणारं साधन मोफत मिळतं, पण ते ५.७ पासूनच्याच सर्व्हरवर चालतं, म्हणून प्रत आधी ५.७ वर भरून तपासा. शून्य तारखा आणि राखीव शब्द ते आधीच दाखवून देतं. ग्रुप बायच्या चुका मात्र ते तुमच्या पीएचपीत शिरून शोधत नाही, त्या प्रत्येक पान उघडूनच सापडतात.

वेळ निवडताना पंचांग बाजाराचं बघा. फेब्रुवारीपासून नवी हळद येते, मार्चअखेरीस हिशोब असतात, तेव्हा हात लावू नका. दिवाळीच्या सुमारास येणी-देणी मिटवायला बेदाण्याचे सौदे काही दिवस बंद असतात, तो काळ उत्तम. तोवर प्रतीवर चाचण्या उरका. बदलाच्या दिवशी जुनी साइट फक्त वाचण्यापुरती ठेवा, शेवटचा डंप काढून नव्या जागी भरा आणि दोन्हीकडची पट्ट्यांची संख्या व एकूण रक्कम ताडून बघा. आकडे जुळले तरच डोमेन वळवा. जुना डंप निदान पुढच्या मार्चअखेरपर्यंत पुसू नका. हिशोबातली तफावत बहुतेक तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात येते.